दावा काय आहे, ते आधी सांग

प्रिय मुली,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

वसतिगृहातल्या मैत्रिणीने तुला पाठवलेली पवित्र शास्त्रातील विसंगतींची यादी मी वाचली आणि तिच्याखाली तू लिहिलेले उत्तरही वाचले. मला अस्वस्थ केले ते यादीने नव्हे, उत्तराने. पवित्र शास्त्र निर्दोष आहे, कारण ते देवाचे वचन आहे. आणि ते देवाचे वचन आहे, कारण २ तीमथ्य ३:१६ मध्ये तसे म्हटले आहे, असे तू लिहिलेस. त्यावर ती हसली. ते तुला लागले हे मी समजू शकतो, पण तिच्या जागी मीही हसलो असतो. जे सिद्ध करायचे त्याचाच आधार घ्यायचा, या दोषाला आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, आत्माश्रय हे नाव केव्हाच देऊन ठेवले आहे. आपला विश्वास खरा असला म्हणून आपली सदोष मांडणी खरी ठरत नाही.

तुझ्या उत्तरात मुळातच एक गोष्ट नव्हती. आपण नेमका कशाचा दावा करतो आहोत, हे तू कुठेच सांगितले नाहीस. दावा काय आहे, ते आधी सांग. १९७८ साली शिकागो येथे जमलेल्या इव्हँजेलिकल, म्हणजे शास्त्राच्या अधिकारावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट, विद्वानांनी शास्त्राच्या अचूकतेविषयी जे निवेदन काढले, त्यातील प्रत्येक कलमात आपण काय मान्य करतो याबरोबरच काय नाकारतो हेही लिहिलेले आहे. अचूकता मूळ लिखाणाची आहे, पुढे झालेल्या प्रत्येक नकलेची नाही. ठोकळ आकडे, निसर्गाचे डोळ्यांना दिसते तसे वर्णन, कालक्रम सोडून विषयवार केलेली मांडणी यांमुळे ती भंग पावत नाही, असे त्या निवेदनात म्हटले आहे. १ राजे ७:२३ मधला गंगाळसागर, म्हणजे मंदिरातले मोठे गोल पात्र, या काठापासून त्या काठापर्यंत दहा हात आणि त्याचा घेर तीस हात, खरे तर तो एकतीस हातांहून थोडा जास्त हवा, म्हणून शास्त्राला गणित येत नाही, हा यादीतला आक्षेप या एका खुलाशानेच संपतो. त्यासाठी भांड्याच्या काठाची जाडी मोजत बसण्याची गरज नाही, जरी पुष्कळांनी ते केले आहे.

आता विसंगती कशाला म्हणायचे, तेही नेमके ठरव. दोन विधाने वेगळी असणे म्हणजे ती परस्परविरुद्ध असणे नव्हे. एकाच अर्थाने दोन्ही एकाच वेळी खरी असणे अशक्य असले, तरच विरोध. मत्तय येशूच्या रिकाम्या कबरेपाशी एका देवदूताचा उल्लेख करतो आणि योहान दोघांचा. मत्तयाने ‘एकच होता’ असे म्हटले असते तर विरोध झाला असता, आणि त्याने तसे म्हटलेले नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाने गळफास घेतला असे मत्तय २७:५ सांगते, तो पालथा पडून त्याचे पोट फुटले असे प्रेषितांची कृत्ये १:१८ सांगते. आधी गळफास आणि मग देह खाली पडणे, ही संगती शक्य आहे, आणि विरोधाचा आरोप परतवायला शक्यता पुरते. पण तू मैत्रिणीला ‘असेच घडले’ असे लिहिलेस. ते तुला कोणी सांगितले? शक्य आहे म्हणायचे तिथे शक्य आहे एवढेच म्हणावे. शिवाय, अशा शक्यता फार ठिकाणी ओढूनताणून लावाव्या लागल्या तर त्यांचे वजन उतरत जाते, हेही तिने म्हणायच्या आधी आपण म्हटलेले बरे.

यादीतला खरोखर कठीण मुद्दा यहूदाच्या राज्याचा राजा अहज्या याच्या वयाचा आहे, आणि तो तू गाळलास. २ राजे ८:२६ म्हणते, तो राज्य करू लागला तेव्हा बावीस वर्षांचा होता. २ इतिहास २२:२ च्या हिब्रू पाठात बेचाळीस आहे. हे दोन्ही खरे असू शकत नाही, त्यामुळे इथे ‘दृष्टिकोन वेगळा’ वगैरे म्हणू नकोस. शास्त्र उघड आणि मागचे पान वाच. त्याचा बाप यहोराम बत्तिसाव्या वर्षी गादीवर आला आणि आठ वर्षे राज्य करून मेला, म्हणजे मरताना तो चाळीस वर्षांचा होता, असे २ इतिहास या पुस्तकाचाच लेखक २१:२० मध्ये सांगतो. लगेच पुढच्या अध्यायात त्याचा सर्वांत धाकटा मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा कसा असेल? स्वतः लेखकाला हे दिसले नसेल हे पटत नाही. नक्कल करणाऱ्याच्या हातून आकडा बदलला असणे अधिक संभवते, आणि प्राचीन सिरियाक भाषांतरात बावीसच आहे.

परंतु हा उपाय जपून वापर. ‘मूळ प्रतीत चूक नव्हती’ हे वाक्य जिथे पाठातच पुरावा आहे तिथे शोभते. प्रत्येक अडचणीवर तेच लावले तर तो युक्तिवाद राहत नाही, पळवाट होते. मूळ प्रती आज कोणापाशीच नाहीत, हे तुझ्या मैत्रिणीलाही ठाऊक आहे.

मग दावा उभा कशावर करायचा? इथेही नैयायिकच मदतीला येतात. आप्ताचे, म्हणजे विश्वासार्ह माणसाचे, वचन हे प्रमाण आहे. मात्र तो आप्त आहे हे दुसरीकडून कळावे लागते. म्हणून आरंभी शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या जीवनाचे चार वृत्तांत, अचूक आहेत असे गृहीत धरू नकोस, ती पहिल्या शतकातली कागदपत्रे आहेत एवढेच धर. त्यांवरून आणि पौलाच्या पत्रांवरून येशू मेलेल्यांतून उठला की नाही याचा निर्णय कर. ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, ही अट १ करिंथ १५ मध्ये पौलाने स्वतःच घातली आहे. तो उठला असेल तर त्याचा शब्द आप्तवाक्य ठरतो, आणि शास्त्राचा भंग होऊ शकत नाही, असे योहान १०:३५ मध्ये तोच म्हणतो. ही भूमितीतली सिद्धता नाही. प्रत्येक पायरीवर वाद होऊ शकतो, आणि तो व्हावा. पण इथे गोल फिरणे नाही.

उत्खननांचे दाखलेही बेतानेच दे. यशया २०:१ मध्ये आलेल्या अश्शूरच्या सर्गोन राजाचा राजवाडा आजच्या इराकमधील खोर्साबाद येथे १८४३ पासूनच्या उत्खननात उजेडात आला, त्यावरून यशयातला सर्गोन काल्पनिक नव्हता एवढे ठरते. सर्व शास्त्र अचूक आहे हे त्यावरून ठरत नाही, आणि ठरते असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी आपले फार नुकसान केले आहे.

हे मी मंडळीत बोलत असे, म्हणून मला तर्कट म्हणत. शब्बाथशाळेत कठीण अध्याय मुद्दाम घेतो, मुलांच्या मनात नसत्या शंका भरतो, अशी तक्रार झाली आणि वर्ग दुसऱ्याकडे गेला. मी शंका भरल्या नव्हत्या. त्या होत्याच, मी त्यांना बसायला जागा दिली. त्या वर्गातला एक अतिशय हुशार मुलगा पुढे कॉलेजात गेला, अशीच एक यादी घेऊन परत आला, त्याला ‘प्रार्थना कर’ एवढेच सांगण्यात आले, आणि तो पुन्हा उपासनेला आला नाही. प्रार्थना करावीच, पण त्याने आकडा विचारला होता. ही माणसे विसरतात की १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मिशनऱ्यांना उघड सभेत प्रश्न विचारले होते, आणि हिंदू पंडित असलेल्या नीळकंठशास्त्री गोऱ्यांचा १८४८ साली बाप्तिस्मा झाल्यावरही शंकांनी पिच्छा सोडला नव्हता. आपल्या भूमीत हा विश्वास प्रश्नांखेरीज कधीच रुजला नाही. मी अजूनही म्हणतो की माझे बरोबर होते. खंत एवढीच की हिब्रू शिकायचे राहून गेले. अहज्याचा आकडा मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचतो. तुझे वय आहे, तू शीक.

आता मैत्रिणीला पुन्हा लिही. पहिले उत्तर मागे घे, क्षमायाचनेचा पाल्हाळ नको. मग आपला दावा दोन वाक्यांत मांड, आणि यादीतील पहिला मुद्दा म्हणून अहज्याचाच घे, सोपा नव्हे. तिने १ शमुवेल १७ मधल्या गल्याथाची, दाविदाने मारलेल्या त्या धिप्पाड योद्ध्याची, उंची काढली, तर हिब्रू पाठात सहा हात एक वीत आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या शमुवेलाच्या गुंडाळीत चार हात एक वीत आहे, हे तूच आधी सांग. माझा कल चार हातांकडे आहे, पण कलापलीकडे मला काही म्हणता येत नाही, तेव्हा तूही म्हणू नकोस. पाठवण्यापूर्वी मसुदा मला दाखव.

तुझे सर