वाचकांचे आरोग्यप्रश्न : छातीतील जळजळ, करपट ढेकर आणि घरचे उपाय

प्रश्न : मी उद्यमबागेतील एका फाउंड्रीत काम करतो. वय ४१. महिन्यातील काही आठवडे दुपारी तीन ते रात्री अकरा अशी पाळी असते. घरी येऊन जेवायला बारा वाजतात आणि दमल्यामुळे जेवण होताच आडवा होतो. रात्री दोनच्या सुमारास छातीत जळजळ होऊन जाग येते, आंबट पाणी घशाशी येते. खाण्याचा सोडा पाण्यातून घेतला की थोड्याच वेळात बरे वाटते. आईचे म्हणणे, तिखट बंद कर. तिखट खरोखर सोडावे लागेल का, आणि सोडा रोज घेतलेला चालेल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आपल्या आईंचा सल्ला मायेचा आहे, परंतु आपल्या पत्रात जळजळीचे जे कारण स्पष्ट दिसते ते मिरची नसून घड्याळ आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. ते घास खाली जाताना सैल पडते आणि एरवी आवळलेले राहते. जठर भरलेले असताना आपण आडवे झालो की आतील आम्ल या कड्याशी येऊन थडकते आणि कडे जरा सैल पडले तरी वर चढते. जेवण जितके जड आणि तेलकट, तितका वेळ जठर रिकामे व्हायला लागतो. म्हणून शेवटचे जेवण आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे, असे सांगितले जाते.

आपल्या पाळीत हे अंतर रात्री साधणे शक्य नाही, तेव्हा जेवणच पुढे ओढावे लागेल. कामावर निघण्यापूर्वी दुपारी पोटभर जेवावे, डब्यात भाकरी-भाजी नेऊन सुट्टीत सातच्या सुमारास खावी आणि घरी परतल्यावर फक्त वाटीभर ताकभात किंवा ज्वारीची पातळ आंबील घ्यावी. घरच्यांनी गरम जेवण वाढून ठेवलेले असते आणि ते नाकारणे जिवावर येते, हे मला ठाऊक आहे, पण या एका बदलाने जितका फरक पडतो तितका कोणत्याही काढ्याने पडत नाही.

पुढचा उपाय पलंगाचा. डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उचलावी. दोन उशा घेऊन हे काम होत नाही, कारण त्यांनी मान वाकते, पोट मुडपते आणि आतील दाब उलट वाढतो. जमिनीवर झोपणाऱ्यांनी कमरेपासून वरचा भाग उतरता राहील अशा बेताने गादीखाली सतरंज्यांच्या घड्या घालाव्यात. डाव्या कुशीवर झोपल्यास जठराचा मोठा भाग अन्ननलिकेच्या तोंडाच्या खालच्या पातळीवर राहतो आणि आम्ल वर येणे कमी होते. मात्र दुपारच्या जेवणानंतर वामकुक्षी घेण्याची ज्यांची पद्धत आहे, त्यांनी जळजळ होत असेल तर ताटावरून उठल्या उठल्या लवंडू नये. थोडा वेळ बसावे किंवा संथ शतपावली करावी. पोटाचा घेर वाढलेला असेल तर वजन चार-पाच किलोंनी उतरले तरी फरक जाणवतो.

आता मिरचीविषयी. आधीच चुरचुरणाऱ्या अन्ननलिकेला तिखट झोंबते, हे खरे. तरीही सर्वांनीच ते वर्ज्य करावे, असे नाही. आपल्याकडे झणझणीत रश्श्यावर जो तेलाचा तवंग असतो, तो पुष्कळदा तिखटाइतकाच दोषी असतो. मिरची भजी आणि गिरमिट संध्याकाळच्या चहाबरोबर होत असतील तर तोही हिशेब मांडावा. दोन आठवडे वहीत लिहून ठेवावे की काय खाल्ले, किती वाजता आणि त्रास केव्हा झाला. त्यातून ज्या पदार्थाचे नाव पुनःपुन्हा येईल तेवढाच कमी करावा. सगळेच एकदम सोडले की आठवड्याभरात सगळेच परत सुरू होते.

सोड्याने आराम पडतो, कारण तो आम्लाचे तात्काळ शमन करतो आणि त्यातून सुटलेला वायू ढेकरेवाटे बाहेर येतो. परंतु सपाट भरलेल्या एका छोट्या चमच्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसभराची मर्यादा २,००० मिलिग्रॅमची आहे. क्वचित, अगदी चिमूटभर घेणे निराळे, आणि रोज रात्री उशाशी पुडी ठेवून झोपणे निराळे. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी सोडा आणि फ्रूट सॉल्टच्या पुड्या या वाटेला जाऊच नये.

एक गोष्ट वेगळी नोंदवतो. भट्टीजवळ काम करताना किंवा जिना चढताना छातीवर दाब आला, दरदरून घाम सुटला, कळ जबड्यात किंवा हातात उतरली, तर ते पित्त समजून सोडा घेत बसू नये. त्याच क्षणी इसीजी निघू शकेल असे रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझे वय ५२. घरी बसून विड्या वळते. सकाळी मिश्री लावल्यावर उपाशीपोटी चहा घेते. दहा-अकरापर्यंत पोट गच्च होते, करपट ढेकर येतात, छातीखाली जळते. गुडघ्यांसाठी औषधाच्या दुकानातून सुट्या गोळ्या आणते. उपास पुष्कळ असतात. आले, ओवा, जिरे यांपैकी काय घ्यावे?
— एक वाचक भगिनी, निपाणीजवळून

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नाचा शेवट आल्या-ओव्याने झाला आहे, पण उत्तर त्याच्या आधीच्या ओळींत आहे. गुडघ्यांसाठी सुट्या मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये बहुधा डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांसारखे वेदनाशामक असते. जठराच्या अस्तराचे रक्षण करणारा थर या गोळ्या दुबळा करतात. त्यातून जळजळ होते, व्रण होतो, आणि क्वचित आतल्या आत रक्तस्रावही होतो. कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या गोळीवर नाव नसते, त्यामुळे आपण काय घेत आहोत हे कळण्याची सोयच उरत नाही. यापुढे नाव असलेले पाकीट मागून घ्यावे आणि ते डॉक्टरांना दाखवून गुडघ्यांसाठी दुसरा उपाय विचारावा. हे झाल्याशिवाय ओव्याचा काहीही उपयोग नाही.

मिश्रीबद्दल स्पष्ट लिहितो. ती जाळलेली तंबाखूच आहे. तिच्यातील निकोटिन अन्ननलिकेच्या खालचे ते स्नायूंचे कडे सैल करते. मिश्रीने पोट साफ होते ही समजूत आपल्या भागात घट्ट बसलेली आहे आणि तंबाखूवर घर चालणाऱ्या गावात ती सोडा म्हणणे किती अवघड, याची मला कल्पना आहे. तरी निदान उपाशीपोटीची मिश्री आणि उपाशीपोटीचा चहा ही जोडी आधी तोडावी. सकाळी उठून साधे पाणी, मग अर्धी भाकरी किंवा मूठभर चुरमुरे, आणि चहा त्यानंतर. मिश्री पूर्ण सुटणे हे अर्थातच सर्वांत चांगले, आणि त्यासाठी सरकारी रुग्णालयात मदत मागता येते.

मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास वाकून बसल्याने पोट दाबले जाते. पाठीला भिंतीचा आधार घ्यावा, सूप पाटावर ठेवून उंच करावे, परकराची नाडी सैल बांधावी आणि तासाभराने उठून अंगणात एक फेरी मारावी. उपासाला दिवसभर काही न खाता रात्री शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर जळजळ ठरलेलीच. त्याऐवजी वरईचा भात, उकडलेले रताळे, केळे, पातळ ताक असे थोडे-थोडे दोन-तीन वेळा घ्यावे.

आता स्वयंपाकघरातील उपाय. पोट गच्च होणे आणि वायू धरणे यांवर ओवा, जिरे व बडीशेप यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि जेवणानंतर पाव चमचा चावून खाण्यात काही धोका नाही. आल्याने जठर लवकर रिकामे होण्यास मदत होते, असे अभ्यासांत दिसले आहे. जेवणाआधी नखाएवढा तुकडा मिठाबरोबर पुरे, अधिक घेतल्यास तेच आले छातीत जळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आल्याचे काढे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पुदिन्याबाबत मात्र भेद करावा लागतो. तो वायूवर चांगला, पण ते कडे सैल करत असल्याने छातीतील जळजळीवर उलटा पडू शकतो. थंड दुधाने घटकाभर गार वाटते, नंतर त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम यांमुळे आम्ल पुन्हा स्रवते. लोणी काढलेले, जिरे घातलेले पातळ ताक पुष्कळांना मानवते, फक्त ते आंबट झालेले नसावे. आमसुलाचे सार रुचकर खरे, पण स्वतःच आंबट आहे, तेव्हा सोसते का ते पाहूनच घ्यावे. ज्येष्ठमध सातत्याने घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी तो टाळलेला बरा.

घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, वारंवार उलटी होणे, उलटीत रक्त किंवा डांबरासारखा काळा शौच, अशक्तपणा व फिकटपणा यांपैकी काहीही आढळल्यास घरचे उपाय थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे. रक्त किंवा काळा शौच दिसला तर एक दिवसही वाट पाहू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळा होतो, तेव्हा त्या चालू असल्यास तसे सांगावे.

प्रश्न : तीन वर्षांपासून रोज सकाळी पित्ताची कॅप्सूल घेतो. बंद केली की चार दिवसांत जळजळ वाढते. मी शाकाहारी आहे. ती आयुष्यभर घ्यावी लागेल का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गटातील औषध अचानक थांबवल्यास काही दिवस ते काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षा अधिक स्रवते. तेव्हा चार दिवसांतील जळजळ हा मूळ आजार बळावल्याचाच पुरावा नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा निम्मी करत, मग दिवसाआड घेत ती कमी करता येते. काही रुग्णांना मात्र ती दीर्घकाळ आवश्यक असते, म्हणून विचारल्याविना बंद करू नये. चालू आहे तोवर न्याहारीपूर्वी अर्धा तास घ्यावी, जेवणानंतर घेतल्यास तिचा पुरता गुण येत नाही. दीर्घ वापराने ‘ब-१२’ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम घटू शकते. शाकाहारी माणसात ‘ब-१२’ आधीच कमी असण्याचा संभव असल्याने आपण ते एकदा तपासून घ्यावे.

याशिवाय हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातील जंतूची चाचणी विचारून पाहावी. जठराचा दाह व व्रण यांच्याशी या जंतूचा संबंध दाखवून दिल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जंतू आढळल्यास ठरावीक दिवसांची प्रतिजैविके पूर्ण घ्यावी लागतात. श्वासाची किंवा शौचाची चाचणी करायची असेल तर त्याआधी दोन आठवडे ही कॅप्सूल आणि चार आठवडे कोणतेही प्रतिजैविक घेतलेले नसावे, नाहीतर जंतू असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो. म्हणून चाचणीची तारीख ठरवतानाच आपण तीन वर्षे ही कॅप्सूल घेत आहोत, हे डॉक्टरांना सांगावे.