पोरीची मेमरी कमजोर नाही, सायन्स सोडायला लावू नका

भाऊ, तुमचं पत्र वाचलं. पोरगी अकरावी सायन्सला, दारव्ह्याला एसटीनं जाणंयेणं, रात्री एकपर्यंत वाचते आन पहाटे चारला परत उठते, झोपताना विचारलं तर धडाधड सांगते पण रविवारच्या टेस्टला कोरी, म्हणून तुम्ही विचारता हिची मेमरीच कमजोर आहे का, आर्ट्सला टाकू का. नका टाकू, निदान या कारणासाठी तरी नका.

डोक्यात एका वेळी जेमतेम चार-पाच गोष्टी धरता येतात, त्या पक्क्या व्हायला वेळ लागतो आणि ते पक्कं करायचं काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागामुळे होतं. 1953 मधे अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या माणसाचं फिट्ससाठी ऑपरेशन झालं, त्यात दोन्ही बाजूचा हा भाग बराचसा काढला, मग काय, लहानपणचं आठवायचं पण आत्ता भेटलेला माणूस थोड्या वेळानं अनोळखी. म्हणजे ऐकलेलं समजणं वेगळं आणि ते कायमचं बसणं वेगळं. हे बसायचं बरंचसं काम झोपेत चालतं भाऊ, आणि तुमची पोरगी झोपतेच तीन तास! पहिले पहाटेचा गजर बंद करा.

दुसरं म्हणजे ती नुसती परत परत वाचते. 2006 मधे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या पोरांवर प्रयोग केला, काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, आठवड्यानं विचारलं तर लिहिणारे पुढे. रात्रीचं धडाधड हे पाच मिनिटवालं आहे, रविवारपर्यंत टिकत नाही.

तर नेफ्रॉन, म्हणजे किडनीतली रक्त गाळणारी बारीक नळी, वाचला की पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आकृती काढून नावं टाकायची, अडलं तरी लगेच उघडायचं नाही, थोडं झगडू द्या तिला, मग ताडून लाल पेननं दुरुस्त. तेच उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग पुढच्या आठवड्यात. दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि आता सगळं इंग्रजीत, त्यामुळे न समजता पाठ करणं चालू असेल, आपल्याकडच्या बऱ्याच पोरांचं हेच होते. तुम्ही लिहिलं की आम्हाला काही येत नाही, अभ्यास काय घेणार. अहो, कापूस वेचून आल्यावर आईला समोर बसवा आणि पोरीला म्हणा की किडनी काय करते ते आईला मराठीत समजावून सांग, आईला नाही कळलं तर आईनं बिनधास्त "काऊन?" विचारायचं, पोरगी जिथं अडखळेल तेवढंच परत वाचायचं.

वार्षिक परीक्षेपर्यंत असं करून पहा. नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, एवढंच सायन्स असंही नाही, राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या कॉलेजात बीएस्सी अॅग्री करता येते, बीएस्सी नर्सिंग आहे. आणि तरी ती सायन्स सोडते म्हणाली तर रागावू नका, आवडत नाही म्हणून सोडते की आठवत नाही म्हणून, एवढं शांतपणे विचारा आणि मला कळवा, पहिलं असेल तर आर्ट्सचं आपण नीट बसून बोलू.