वाचकांचे प्रश्न : सरकारी संकेतस्थळावरचे पान लिहिताना

प्रश्न : मी एका तहसील कार्यालयात लिपिक आहे. कार्यालयाच्या संकेतस्थळासाठी ‘वारस नोंद’ या विषयावरचे पान नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जुन्या पानाची सुरुवात कलमांच्या उताऱ्यांनी होते आणि लोक ते वाचत नाहीत, हे रोज कळते. कारण पानावर असलेलेच प्रश्न ते पुन्हा येऊन विचारतात. भाषा सोपी केली तर कायदेशीर अडचण येईल, अशी वरिष्ठांना काळजी वाटते. यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर : लिहायला बसण्यापूर्वी हे पान कोण उघडणार आहे, याचा विचार करावा. त्या घरात नुकताच मृत्यू झालेला असतो. गावाकडची जमीन वडिलांच्या नावावर असते आणि पान उघडणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा मुंबई-पुण्यात, मोबाईलच्या छोट्या पडद्यावर, दोन कामांच्या मधल्या वेळात ते वाचत असते. कोणाकडे जायचे, कोणते कागद न्यायचे, मुदत किती, खर्च किती आणि अर्ज दिल्यानंतर पुढे काय होते, एवढेच त्यांना हवे असते. कार्यालयाची रचना, शाखांची नावे आणि कलमांचा क्रम हा आपल्या कामाचा भाग आहे. वाचणाऱ्याच्या कामाचा नाही. त्यामुळे पानाचा क्रम त्याच्या प्रश्नांच्या क्रमानेच लावला पाहिजे.

आता वरिष्ठांच्या काळजीविषयी. ‘महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ अन्वये वारसाधिकाराने हक्क संपादन करणाऱ्या व्यक्तीने असा हक्क संपादन केल्याच्या दिनांकापासून तीन महिन्यांच्या आत त्याबाबत तोंडी अथवा लेखी कळविणे आवश्यक राहील’ अशा धाटणीचे वाक्य आपण सर्वांनी वाचलेले आहे. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘जमीनधारकाचा मृत्यू झाल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसांनी ग्राम महसूल अधिकाऱ्याला (तलाठ्याला) कळवावे. तोंडी कळवले तरी चालते. कळवल्याची लेखी पोच मागून घ्यावी.’ या तीन वाक्यांत कायद्यातले काहीही गळलेले नाही. उलट, पोच देणे हे त्या अधिकाऱ्यावर त्याच कलमाने बंधनकारक आहे, ही बाब आता वाचणाऱ्याच्या हाती आली. कलमाचा क्रमांक आणि मूळ मजकुराचा दुवा पानाच्या तळाशी द्यावा. मुदती, शुल्क, अधिकाऱ्याचे पद अशा तपशिलांना शब्दशः जपावे आणि तेवढ्या तपशिलांवर वरिष्ठांची लेखी मान्यता घ्यावी. आदेशाची भाषा आदेशात राहू द्यावी, कारण त्यावर उद्या अपील होऊ शकते. माहितीच्या पानावर ती भाषा आणण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने घातलेले नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ तर याच्या उलट सांगते : स्वतःहून प्रसिद्ध करायची माहिती स्थानिक भाषा आणि त्या भागातील संपर्काची सर्वांत परिणामकारक पद्धत लक्षात घेऊन पोहोचवावी. वरिष्ठांपुढे टिपणी ठेवताना या तरतुदीचा उल्लेख जरूर करावा.

तलाठी या पदाचे नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे झाले. पानावर दोन्ही नावे ठेवावीत, कारण अजून बरीच वर्षे लोक ‘तलाठी’ असेच शोधणार आहेत.

अशा पानांचा सर्वांत कच्चा भाग ‘अर्ज सादर करावा’ या शब्दांनंतर सुरू होतो, कारण तिथे पान संपलेले असते आणि नागरिकाची खरी चिंता मात्र तिथून पुढे असते. स्थानिक चौकशी होऊन वारसांची नावे वारसांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये येतात, त्यानंतर जमिनीच्या हक्कातले बदल टिपणाऱ्या फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद होते. त्या नोंदीची प्रत चावडीवर लावली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबारावर नाव लागते. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते व शक्यतो एका वर्षाच्या आत त्याचा निर्णय व्हावा, असे कायदा सांगतो. हे सगळे पाच-सहा वाक्यांत मावते. ते पानावर असेल, तर नोटीस हाती पडल्यावर ‘आपल्यावर कोणी दावा लावला’ असे समजून घाबरणारी माणसे घाबरणार नाहीत आणि पंधरा दिवसांच्या आत विनाकारण खेपा घालणारही नाहीत.

आणखी एका ठिकाणी आपण विशेष काळजी घ्यावी, असे मला मनापासून वाटते. कागदपत्रांच्या यादीत ‘सर्व वारसांची नावे व पत्ते’ एवढेच लिहिलेले असते. गावोगाव याचा अर्थ ‘मुलगे आणि विधवा पत्नी’ असा घेतला जातो आणि विवाहित मुलींची नावे राहून जातात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत पुरुषाचे मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हक्क जात नाही, आणि मृताची वृद्ध आई हयात असेल तर तिचाही हक्क आहे. ‘विवाहित मुली आणि मृताची आई हयात असल्यास त्यांचीही नावे लिहावीत’ हे एक वाक्य हा कायदा लागू असलेल्या कुटुंबांसाठी पानावर आले, तर पुढची अनेक वर्षांची भांडणे टळू शकतात. मोघम लिहिण्याची किंमत बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला मोजावी लागते, म्हणून सोप्या भाषेचा प्रश्न मी केवळ सोयीचा मानत नाही.

ज्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत, त्यांच्या पानावर मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला अधिकारी) आणि प्रथम व द्वितीय अपील प्राधिकारी यांची माहिती वरच्या भागातच द्यावी. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला गेला तर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते, हेही तिथेच लिहावे. तक्रारी वाढतील या भीतीने ते खाली दडवू नये.

प्रश्न : मी दृष्टिहीन शिक्षक आहे आणि संगणकावर पडदा-वाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, वापरतो. अनेक कार्यालयांच्या संकेतस्थळांवरील सूचना व परिपत्रके मला ऐकताच येत नाहीत. यंत्र नुसते ‘चित्र’ असे म्हणून पुढे जाते. ही अडचण लेखनाची आहे की तंत्राची?

उत्तर : दोन्हींची आहे, आणि दोन्हींवरचे उपाय फारसे खर्चिक नाहीत. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवला की संगणकाच्या दृष्टीने तो फोटोच असतो. त्यातला मजकूर वाचता येत नाही, शोधता येत नाही आणि मोबाईलवर मोठाही नीट होत नाही. युनिकोड, म्हणजे मराठी अक्षर कोणत्याही यंत्राला अक्षर म्हणूनच ओळखता येईल अशी पद्धत, रूढ होण्यापूर्वीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेल्या फायलींचीही अशीच गत होते : छापल्यावर अक्षरे सुरेख दिसतात, पण यंत्राला मात्र त्यात रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. म्हणून सूचनेचा मजकूर युनिकोडमध्ये थेट पानावर लिहावा आणि सहीची प्रत सोबत जोडावी. जोडलेल्या प्रतीतले एखादे वाक्य निवडून दुसरीकडे उतरवता येते का, एवढे पाहिले तरी ती फाईल वाचण्याजोगी आहे की नाही, याचा पहिला अंदाज येतो.

लेखकाने सांभाळण्याच्या गोष्टीही आहेत. पडदा-वाचक वापरणारे पुष्कळदा पानावरच्या दुव्यांचीच यादी ऐकतात. त्यात सात वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकू आले तर त्यातून काहीच कळत नाही. ‘उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज’ असे दुव्यातच लिहावे. मथळे केवळ ठळक अक्षरांत न ठेवता मथळा म्हणूनच नोंदवावेत, म्हणजे एका विभागावरून दुसऱ्यावर उडी घेता येते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ माहिती आणि संपर्काच्या साधनांच्या सुगमतेची जबाबदारी शासनावर टाकते, आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ पासून सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. आपण संबंधित कार्यालयाला लिहिताना या दोहोंचा आधार घ्यावा आणि कोणते पान, कोणती फाईल हे नेमके सांगावे, म्हणजे उत्तर टाळणे अवघड होते.

प्रश्न : आमच्याकडे आधी इंग्रजी मजकूर तयार होतो आणि मग त्याचे मराठी केले जाते. ते मराठी कोणालाच आपले वाटत नाही. अनुवादक म्हणून मी काय सुचवावे?

उत्तर : क्रम उलटा करावा, असे सुचवा. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्याची राजभाषा मराठी आहे, तालुक्याच्या पातळीवरचे अर्ज मराठीत होतात, खिडकीवरचे बोलणे मराठीत होते; मग मूळ मजकूरच मराठीत का लिहू नये? पारिभाषिक शब्दासाठी भाषा संचालनालयाचा शासन व्यवहार कोश पाहावा, परंतु अर्जावर आणि दाखल्यावर जो शब्द छापलेला आहे तोच पानावर ठेवावा, आणि लोक त्याला दुसरे काही म्हणत असतील तर तेही पहिल्या उल्लेखात द्यावे. ‘अधिवास प्रमाणपत्र’ लिहिताना ‘डोमिसाईल’ हा शब्द टाळला, तर शोधणाऱ्याला पानच सापडणार नाही.

प्रश्न : पान लोकांना कळते आहे की नाही, हे लहान नगरपरिषदेने कसे तपासावे? आमच्याकडे त्यासाठी वेगळा निधी नाही.

उत्तर : निधी लागत नाही, वेळ लागतो. ब्रिटनमध्ये २०१२ साली अनेक सरकारी संकेतस्थळांची माहिती एका ठिकाणी आणण्यास सुरुवात झाली, तेव्हा वापरणाऱ्याची गरज हेच पहिले तत्त्व ठरवले गेले आणि मजकूर खऱ्या माणसांकडून वापरून घेऊन तपासण्याची शिस्त लावली गेली. आपल्याकडे ही तपासणी सेवा केंद्राच्या बाकावर होऊ शकते. तिथल्या चालकाकडे एक वही ठेवून लोक कोणता प्रश्न विचारतात ते त्यांच्याच शब्दांत पंधरा दिवस लिहून ठेवायला सांगा. जे प्रश्न वारंवार येतील, त्यांची उत्तरे पानावर एकतर नाहीत किंवा सापडत नाहीत.

नंतर चार-पाच नागरिकांना त्यांच्याच मोबाईलवर पान उघडायला सांगावे आणि शेजारी गप्प बसावे. ‘कळले का?’ असे मात्र विचारू नये. अधिकाऱ्यासमोर बसलेला माणूस संकोचाने होच म्हणतो. ‘उद्या तुम्ही कोणते कागद घेऊन याल?’, ‘किती पैसे बरोबर ठेवाल?’, ‘महिनाभरात काही कळले नाही तर कोणाकडे जाल?’ असे विचारावे आणि उत्तर चुकले तर त्या माणसाला न सुधारता पानावरचे वाक्य सुधारावे. शुल्क किंवा नियम बदलला की पान कोणी दुरुस्त करायचे, हे एका व्यक्तीच्या पदनामासह कार्यालयीन आदेशात नोंदवावे आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख पानावर ठेवावी.