पणजीचा हार कोणाचा?

प्रश्न: पणजीकडून आजीकडे आणि आजीकडून आईकडे आलेला सोन्याचा हार आईने चार वर्षांपूर्वी ‘आजपासून हा तुझा’ असे म्हणून माझ्या हाती दिला. घरी ठेवणे जोखमीचे वाटल्याने मी तो भावाच्या लॉकरमध्ये ठेवला. वडिलांपाठोपाठ आईही मृत्युपत्र न करता वारली. हार वडिलोपार्जित असल्याने तो मोडून आम्हा दोघी बहिणी आणि भाऊ अशा तिघांत पैसे वाटायचे, असे भाऊ म्हणतो. त्याला थांबवता येईल का?

उत्तर: ‘वडिलोपार्जित’ हा शब्द घरात ज्या सैल अर्थाने वापरला जातो, त्या अर्थाने कायदा तो वापरत नाही, आणि आपल्या भावाची गल्लत नेमकी तेथेच झाली आहे. जन्माने हक्क मिळतो तो सहदायकी, म्हणजे एकत्र हिंदू कुटुंबाच्या सामाईक, मालमत्तेत. आजीने लेकीला दिलेल्या दागिन्यात नव्हे. आपण हिंदू वारसा कायदा, १९५६ खाली येता असे धरल्यास, कलम १४ नुसार हार आईच्या संपूर्ण मालकीचा होता आणि तो कोणाला द्यावा हे ठरवण्याचा अधिकार तिचा एकटीचा होता.

तेव्हा आईने तो हयातीत खरोखर दिला का, एवढेच सिद्ध करायचे आहे. ‘माझ्यानंतर हा तुझा’ एवढेच ती म्हणाली असती तर उपयोग नव्हता, कारण मृत्युपत्र लेखी आणि दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले लागते. मात्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूचे बक्षीस, म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेली भेट, नोंदणीशिवाय, नुसता ताबा देऊनही पूर्ण होते, आणि आपण नंतर तो भावाकडे सांभाळायला दिल्याने ते रद्द होत नाही. लॉकर त्याच्या नावावर आहे, ही आपली कच्ची बाजू. म्हणून त्या काळातील छायाचित्रे आणि संदेश आजच जपून ठेवावेत. बहिणीने आपल्या बाजूने साक्ष दिली तर तिला विशेष वजन राहील, कारण त्यात तिचे स्वतःचेच नुकसान आहे.

बक्षीस सिद्ध झाल्यास भाऊ केवळ राखणदार ठरतो, आणि विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ८ खाली हाराची किंमत नव्हे, तर हारच परत मागता येतो. भावनांच्या बाबतीत एरवी कोरडा असणारा कायदा येथे मान्य करतो की काही वस्तूंची भरपाई पैशाने पुरेशी होत नाही. बक्षीस सिद्ध न झाल्यास हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ नुसार तिघांचा समान हिस्सा राहील. तरीही इतर दोघांच्या हिश्श्याची किंमत देऊन हार स्वतःकडे ठेवण्याचा प्रस्ताव आपल्याला मांडता येईल.

घाई आहे ती हार आटवला जाण्याआधी थांबवण्याची. वकिलामार्फत भावाला नोटीस द्यावी, आणि तो ऐकत नसल्यास दिवाणी न्यायालयात दावा दाखल करून त्यासोबतच तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज करावा. सांभाळायला दिलेली वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याची मुदत, मागणी केल्यावर नकार मिळाल्यापासून ३ वर्षे आहे. त्यामुळे मागणी लेखीच असावी. त्या नोटिशीत, किंवा भावाला पाठवलेल्या साध्या संदेशातही, ‘माझा हिस्सा दे’ असे चुकूनही लिहू नये, कारण पुढे तेच वाक्य हार आपल्या एकटीचा नसल्याची कबुली म्हणून आपल्यासमोर ठेवले जाईल.