अ‍ॅड एजन्सी नेमके कशाचे पैसे घेते?

तुम्ही विचारलंय, ‘चार शब्दांची ओळ आणि तीस सेकंदांची फिल्म, एवढ्यासाठी कंपन्या एजन्सीला एवढे पैसे का मोजतात? स्वतःच का करत नाहीत? एखाद्या जुन्या एजन्सीचं उदाहरण देऊन सांगा.’ मुंबईतल्या एका मध्यम आकाराच्या एजन्सीत मी बरीच वर्षं क्लायंट सर्व्हिसिंगला, म्हणजे गिऱ्हाईक कंपनी आणि एजन्सी यांच्यामधला माणूस होतो, म्हणून लिहितो. उदाहरण लिंटासचं घेतो. तिथे मी नोकरी केलेली नाही, पण नरिमन पॉइंटच्या एक्स्प्रेस टॉवर्समधल्या त्या ऑफिसकडे आमच्या पिढीतले सगळेच डोळे लावून बसलेले असायचे.

आधी पैशाचं सांगतो, कारण बाकीचा इतिहास त्याच्याच मागून येतो. ओळ सुचली याचे पैसे एजन्सीला कित्येक दशकं कुणी दिलेच नाहीत. पैसे मिळायचे ते जागेचे. समजा, पेपरातल्या जाहिरातीचं बिल १०० रुपये झालं. क्लायंट एजन्सीला १०० देणार, एजन्सी पेपरला ८५ देणार, मधले १५ एजन्सीचे. हे १५ टक्के कमिशन पेपरवाले देत, आणि तेही इंडियन न्यूजपेपर सोसायटी या पेपरवाल्यांच्या संघटनेची मान्यता असलेल्या एजन्सीलाच. मान्यता असली की पेपरकडून उधारीही मिळते. त्या बदल्यात क्लायंट बुडाला तरी पेपरचे पैसे एजन्सीने भरायचे. म्हणजे धंदा मुळात दलालीचा आणि उधारी सांभाळण्याचा. कॉपी, चित्र, कल्पना हे गिऱ्हाईक टिकावं म्हणून वरून दिलेलं.

आता लिंटास. नाव म्हणजे ‘लीव्हर इंटरनॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग सर्व्हिसेस’ची आद्याक्षरं. साबणवाल्या लीव्हरने स्वतःच्या जाहिरातींसाठी काढलेली ही घरचीच एजन्सी, मुंबईत १९३९ साली सुरू झाली. ‘स्वतःच का करत नाहीत’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: लीव्हरने तेच तर केलं होतं.

पहिलं मोठं काम डालडाचं. लीव्हरचा वनस्पती तुपाचा कारखाना शिवडीला, ब्रँड १९३७ मध्ये बाजारात आलेला. पण घरात कढवलेलं साजूक तूप ज्यांच्या नाकात बसलंय, त्या बायका डब्यातलं पांढरं काहीतरी कशाला घेतील? लिंटासच्या हार्वी डंकन यांनी नुसत्या पेपरावर भिस्त ठेवली नाही. थिएटरात दाखवायला छोटी फिल्म केली. डालडाच्या गोल डब्याच्या आकाराची गाडी बनवून रस्त्यांवरून फिरवली. नाक्यानाक्यावर स्टॉल टाकून लोकांना वास घ्यायला, चव बघायला लावली. पत्रकं वाटली. आज ज्याला आपण थ्री-सिक्स्टी, म्हणजे चहूबाजूंनी गिऱ्हाइकाला गाठणारं कॅम्पेन म्हणून प्रेझेंटेशनमध्ये मिरवतो, ते हेच. माझ्या मते लिंटासचं सगळ्यात अस्सल काम हे होतं, पुढच्या गाजलेल्या फिल्म्सपेक्षाही. कारण पेपरात जागा विकत घेऊन १५ टक्के कापून घेणं सोपं असताना त्यांनी गाडी आणि स्टॉलची उस्तवारी केली. घरची एजन्सी असल्यामुळे ते परवडलं असावं.

घरच्या एजन्सीची अडचण दुसरीकडे असते. एकाच मालकाचे ब्रँड करून माणसं आळसावतात, आणि बाहेरचा क्लायंट यायला बिचकतो. लीव्हरशी ज्याची स्पर्धा, तो आपली गुपितं लीव्हरच्या एजन्सीला कशी सांगेल? लिंटासने हळूहळू बाहेरची कामं घेतली, पुढे जगभरची लिंटास अमेरिकेच्या इंटरपब्लिक समूहात गेली, पण लीव्हर हा मोठा क्लायंट राहिलाच. एका एजन्सीने दोन प्रतिस्पर्धी ब्रँड घ्यायचे नाहीत हा नियम आमच्याकडेही कडक होता. शीतपेयाचा क्लायंट असेल तर दुसऱ्या कंपनीची बाटली कॅन्टीनच्या फ्रिजमध्येसुद्धा दिसता कामा नये.

मुळात गोव्याचे असलेल्या घराण्यातले गर्सन द कुन्हा, आणि नंतर अलेक पदमसी यांच्या काळात लिंटासचा दबदबा तयार झाला. दोघेही नाटकवाले. पदमसी तर दिवसा एजन्सी आणि संध्याकाळी तालमी अशा बेतानेच जगले. १९७५ सालची लिरिल साबणाची धबधब्यातली मुलगी सगळ्यांना आठवते. त्यामागचा धागा मात्र संशोधनातून आला होता: दिवसभर घरच्यांच्या तैनातीत असलेल्या बाईला स्वतःची म्हणून मिळणारी दहा मिनिटं अंघोळीचीच. सर्फची ललिताजी ही निरमाला दिलेलं उत्तर. निरमा कितीतरी स्वस्त, त्यामुळे किमतीत लढणं शक्यच नव्हतं. पदमसींना आपली आई आठवली, ऐपत असूनही भाजीवाल्याशी घासाघीस करणारी. मग कविता चौधरींच्या त्या करारी गृहिणीने स्वस्त आणि चांगलं यातला फरक देशाला ऐकवला. १९८९ मध्ये पुण्याच्या बजाजसाठी ‘हमारा बजाज’. जपानी तंत्राच्या मोटरसायकली रस्त्यावर आलेल्या, आणि या फिल्ममध्ये मायलेजचा उल्लेखसुद्धा नाही, नुसती स्कूटरवरची माणसं.

पण याच काळात मुख्य फरक टीव्हीने पडला. दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाल्या, आणि ऐंशीच्या दशकात मालिका आल्यावर पैशाचा ओघ तिकडे वळला. इथे कमिशनची गंमत बघा. पेपरासाठी दर वेळी नवी जाहिरात करावी लागते. फिल्म एकदा केली की महिनोन्‌महिने चालते, आणि प्रत्येक वेळी दाखवली की १५ टक्के सुरूच. साहजिकच क्लायंटला आम्ही कोणता सल्ला देत होतो, हे सांगायला नको.

कल्पनेच्या बाजूला कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टरची जोडी असते, तिचं कौतुक सगळीकडे होतं. एजन्सी चालते ती मागच्या खोल्यांवर. क्लायंटकडून ब्रीफ, म्हणजे काय हवंय याचं टिपण, आणायचं, ते क्रिएटिव्हला पटेल असं लिहायचं, कॅम्पेन मंजूर करून घ्यायचं (‘लोगो मोठा करा’ ऐकून), मग मीडिया विभागाने पेपरला रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापायची ऑर्डर, काढायची. नव्वदच्या सुरुवातीला कोल्हापूर-सोलापूरच्या पेपरांचं मटेरियल, म्हणजे छपाईसाठी लागणाऱ्या आर्टवर्कच्या फिल्म (पॉझिटिव्ह), आम्ही रात्रीच्या बसने पाठवत असू. रविवारच्या अंकाची जाहिरात शुक्रवारी संध्याकाळी मंजूर झाली की कामं वेळेत पोचवणारा आमचा ट्रॅफिकवाला पाकीट काखेत मारून दादरला पळायचा. छापून आल्यावर पेपरची व्हाउचर कॉपी, म्हणजे पुरावा म्हणून जाहिरातीचा अंक, यायची. ती बिलाला जोडल्याशिवाय क्लायंटचं अकाउंट्स एक पैसा सोडत नसे. एका क्लायंटने एका गहाळ व्हाउचर कॉपीसाठी आमचं अख्ख्या महिन्याचं बिल अडवलं होतं. शेवटी तो जुना अंक रद्दीवाल्याकडे सापडला.

नव्वदच्या दशकात मोठ्या समूहांनी मीडिया विभाग वेगळे काढून स्वतंत्र मीडिया एजन्सी केल्या. घाऊक खरेदीत वाहिन्यांकडून दर चांगला मिळतो, हे कारण खरंच होतं. पण कमिशन मीडियाबरोबर गेलं, आणि क्रिएटिव्ह एजन्सीच्या हातात तीच कल्पना राहिली जी इतकी वर्षं फुकट दिली होती. तिची किंमत काय सांगणार? आता बहुतेक ठिकाणी मासिक फी असते, आणि ती किती माणसं किती तास या कामावर असतील यावर ठरते. ‘हमारा बजाज’सारखी ओळ दोन मिनिटांत सुचली, तर त्या हिशेबात दोन मिनिटांचेच पैसे. वर पिच असतोच. चार-पाच एजन्सींनी पंधरा दिवस राबून कॅम्पेन दाखवायचं, एकीला काम, बाकीच्यांना चहा.

लिंटासचं नाव मधल्या काळात लो लिंटास, मग मलनलो लिंटास झालं. २०२५ च्या नोव्हेंबरात ओम्निकॉम या दुसऱ्या अमेरिकी समूहाने इंटरपब्लिकच विकत घेतली आणि त्यानंतर मलनलो हे नाव मोडीत काढलं.

तर कंपन्या आज स्वतः करतात का? बऱ्याच करतात. सोशल मीडियाच्या रोजच्या पोस्टसाठी घरचीच टीम स्वस्त पडते. पण माल खपत नसताना ‘तुमचा साबण लोकांना महाग वाटतोय, दोष साबणात नाही’ हे साहेबाला तोंडावर सांगायला पगारी नोकर धजावत नाही. एजन्सीवाला सांगतो, कारण त्याच्याकडे अजून चार क्लायंट असतात. नसले तर तोही मान डोलावतो, हे मी जवळून पाहिलंय.