तिच्या प्रार्थनेला मी आमेन कसं म्हणू?

"ताई, तिची प्रार्थना सुरू झाली की माझ्या पोटात गोळा येतो. सगळे आमेन म्हणतात, माझे नुसते ओठ हलतात. अशा मनाने केलेली प्रार्थना देव ऐकत असेल का?"

हा प्रश्न घेऊन एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलून. आठ-नऊ ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा प्रार्थना गट, आठवड्यातून एकदा भेटणारा. बाईंचा मुलगा घर सोडून गेला होता, त्याने बोलणंही तोडलं होतं. त्यांनी गटात त्याच्यासाठी प्रार्थनेची विनंती केली. चार दिवसांत गटाबाहेरच्या एकीने त्यांना विचारलं, "मुलाचं काय झालं हो?" ही गोष्ट बाहेर गेली होती गटातल्या एका ज्येष्ठ सिस्टरांकडून (मंडळीतल्या बाईला आम्ही सिस्टर म्हणतो). पुढच्या भेटीत त्याच सिस्टरांनी प्रार्थना केली, "प्रभू, ज्या आईबापांनी लेकरांना वेळेवर वळण लावलं नाही, त्यांना क्षमा कर." सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, पण कोणाविषयी बोलणं चाललंय ते सगळ्यांना कळलं.

समूहप्रार्थनेत हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त घडतं. नाव प्रभूचं घ्यायचं आणि ऐकवायचं शेजारी बसलेल्याला. ज्याला ऐकवलं त्याला उत्तर देता येत नाही, कारण प्रार्थना चालू असते. म्हणूनच हा टोमणा चारचौघांतल्या भांडणापेक्षा खोल लागतो.

मी विचारलं, "तुमची पाळी आल्यावर तुम्ही काय प्रार्थना केलीत?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "प्रभू, आमच्या मुखांवर पहारा ठेव."

बायबलमधलं 141 वं स्तोत्र त्यांना पाठ होतं. थोड्या वेळाने त्याच हळूच म्हणाल्या, "तिथे 'माझ्या मुखावर' आहे ना?" मी मान हलवली. तिथून आमचं खरं बोलणं सुरू झालं.

गटाने एकचित्ताने प्रार्थना करायची असते, आणि एकचित्त म्हणजे मनात कोणाविषयी काही नसणं, अशी त्यांची समजूत होती. मनात सल आहे म्हणजे आपण अपात्र, म्हणून गट सोडायचा, इथवर त्या आल्या होत्या. आम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय उघडला. दोघे किंवा तिघे जमतील तिथे मी आहे, हे येशूचं वचन प्रार्थनासभेत आपण नेहमी ऐकतो. ते 20 वं वचन आहे. त्याच्या आधी, 15 व्या वचनात, भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याच्याशी बोल असं सांगितलंय. 19 व्या वचनात एकमत होण्यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ स्वर जुळणं. मग फिलिप्पैकरांस पत्राचा 4 था अध्याय काढला. युवदीया आणि सुंतुखे या दोघी ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाबरोबर सुवार्तेसाठी झटलेल्या, आणि तरी त्यांचं जुळत नव्हतं. कोण बरोबर, हे पौल सांगत नाही. दोघींना वेगवेगळी विनंती करतो आणि तिसऱ्या माणसाला म्हणतो, यांना साहाय्य कर. बाईंनी ते दोनदा वाचलं.

सिस्टरांना भेटून काय बोलायचं, याची आम्ही तयारी केली. मी काय ऐकलं, मला काय झालं, मला काय हवंय, एवढंच. "तुम्ही नेहमीच" हे शब्द वर्ज्य. (जिथे मारहाण, शोषण किंवा धाक आहे, तिथे मी कोणालाही असं एकटं पाठवत नाही. तिथे आधी सुरक्षितता बघायची.)

सिस्टर आधी म्हणाल्या, "मी तर सगळ्यांसाठीच प्रार्थना करत होते." गोष्ट बाहेर सांगितल्याबद्दल मात्र त्यांनी माफी मागितली, आणखी एकीने प्रार्थना करावी म्हणून सांगितलं होतं, म्हणाल्या. त्या प्रार्थनेबद्दल माफी आली नाही. बाई तेवढीच घेऊन परतल्या. मला ते अपयश वाटत नाही.

नंतर त्या गटप्रमुखांशी बोलल्या आणि गटाने आपली पद्धत बदलली. विनंती ज्याची त्यानेच मांडायची, त्याच्या परवानगीशिवाय ती खोलीबाहेर जाणार नाही. एका वेळी एकच विषय, प्रार्थना दोन-तीन वाक्यांची. ज्याला शब्द सुचत नाहीत त्याने नुसतं आमेन म्हटलं तरी चालेल. गप्प बसण्यालाही जागा. मला यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते छोट्या वाक्यांचं. लांबलेल्या प्रार्थनेत उपदेश शिरायला वेळ मिळतो, आणि उपदेशाच्या मागून टोमणा येतो. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. तिच्यात 'मी' कुठेच नाही. 'आमचा पिता', 'आमची भाकर', 'आमची ऋणे'.

त्या ऋणांच्या, म्हणजे आपले अपराध करणाऱ्यांना क्षमा करण्याच्या ओळीवर बाई अजून अडखळतात. परवा सांगत होत्या, "आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले आहे, हे माझ्या तोंडून निघत नाही, ताई. तेवढी ओळ बाकीचे म्हणतात. पुढच्या ओळीला मी परत येते."

"देव ऐकतो का, हे आता विचारत नाही तुम्ही," मी म्हटलं.

त्या थोडं थांबल्या. "मुलासाठी सिस्टरांनी प्रार्थना केली मागच्या वेळी. त्याचं नाव घेऊन. दोनच वाक्यं होती. मी आमेन म्हणाले."