शंका-समाधान : अभिवचन देवाचे, घाई आपली

प्रश्न : प्रभूमध्ये सलाम. आमची मंडळी रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकिनाऱ्यालगतच्या एका गावात आहे. चर्चची इमारत मिशनच्या काळातली, चिऱ्याच्या भिंतींची आणि कौलारू छपराची असून २०२१ च्या तौक्ते वादळात तिच्या एका बाजूची कौले उडाली. तेव्हा पत्रे घालून केलेली तात्पुरती सोय आजतागायत तशीच आहे. गेल्या वर्षी कमिटीने दुरुस्तीऐवजी जुनी इमारत पाडून दुमजली सभागृह बांधण्याचा ठराव केला. त्यासाठी प्रत्येक घरावर ठरावीक वर्गणी बसवली, मुंबईच्या चाकरमान्यांवर तिप्पट बसवली, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेत भरणाऱ्यांची व थकबाकीदारांची नावे वाचण्याची पद्धत सुरू केली. आमचे तरुण पाळकसाहेब म्हणतात की ही हागारेची वाट आहे, मंडळीने कोणाकडे एक रुपयाही न मागता केवळ देवाच्या अभिवचनावर विसंबून राहावे आणि यंदा कापणीच्या सणाचा लिलावसुद्धा करू नये. कमिटीचे म्हणणे असे की हातपाय हलवल्याशिवाय देव कोणाला छप्पर घालून देत नाही. मी स्वतः कमिटीवर आहे, पण पाळकसाहेबांचे बोलणे मनातून जात नाही. अब्राहाम आणि हागार यांचा दाखला येथे लागू पडतो काय?
— मंडळीचे एक पंच, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : दाखला लागू पडतो, परंतु पाळकसाहेब ज्या ठिकाणी तो लावत आहेत तेथे नव्हे, आणि कमिटीला वाटते तितका तो दूरचाही नाही.

प्रथम मूळ कथा पाहू. अब्राहाम हारानातून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता, आणि त्याच्यापासून मोठे राष्ट्र होईल असे अभिवचन देवाने त्याला त्याच वेळी दिले होते. कनानात दहा वर्षे लोटली तरी सारेची कूस उजवली नाही, तेव्हा तिने आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला दिली आणि अब्राहामाच्या ८६ व्या वर्षी इश्माएल जन्मला. इसहाकाचा जन्म त्याच्या १०० व्या वर्षी झाला. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की त्या काळाच्या रीतीप्रमाणे सारेने काही जगावेगळे केले नव्हते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो व्यवहार शहाणपणाचाच वाटला असेल. पौलाने गलतीकरांस लिहिताना हीच कथा घेतली आणि एक पुत्र देहस्वभावाप्रमाणे, तर दुसरा अभिवचनामुळे जन्मला असे म्हटले. मात्र त्याच्यापुढचा प्रश्न निधीचा नव्हता. ख्रिस्तावरील विश्वासाला सुंतेची जोड दिल्याशिवाय तारण पुरे होत नाही, असे त्या मंडळ्यांना शिकवले जात होते आणि पौल त्याला उत्तर देत होता. तेव्हा हा उतारा छपराच्या वर्गणीवर जसाच्या तसा बसवणे म्हणजे ओढाताण होईल.

शिवाय अब्राहाम काही हात जोडून तंबूत बसून राहिलेला माणूस नव्हता. पुतण्या लोट याला सोडवण्यासाठी तो आपल्या घरची ३१८ माणसे घेऊन शत्रूच्या पाठीवर गेला, त्याने विहिरी खणल्या, करारमदार केले. सारा वारली तेव्हा त्याने एफ्रोन हित्तीकडून मकपेलाचे शेत गुहेसकट विकत घेतले आणि ४०० शेकेल रुपे वेशीत सर्वांच्या देखत तोलून दिले. देवाने जो देश त्याला देऊ केला होता, त्याच देशातली कबरेपुरती जागा त्याने पूर्ण किंमत मोजून घेतली, आणि पवित्र शास्त्रात कोठेही या खरेदीला अविश्वास म्हटलेले नाही. श्रम आणि विश्वास यांचे हाडवैर आहे ही पाळकसाहेबांची समजूत म्हणूनच टिकत नाही.

मग हागारेच्या बाबतीत चुकले कोठे? जे देवाने स्वतःकडे राखून ठेवले होते ते या दोघांनी घाईने आपल्या हाती घेतले, आणि त्या घाईची किंमत जिला नाही म्हणण्याची सोय नव्हती अशा दासीकडून वसूल केली. आपण उपदेशात अब्राहामाच्या अधीरपणावर बोलतो, सारेच्या हसण्यावर बोलतो, पण हागार गरोदरपणी जाच सोसवेना म्हणून रानात पळून गेली आणि पुढे भाकरी व पाण्याची मसक देऊन तिला मुलासह घराबाहेर काढण्यात आले, यावर फार थोडे बोलतो. देवाचा दूत मात्र तिला दोन्ही वेळा रानात गाठतो. आपल्याला पाहणारा देव असे नाव तिने त्याला दिले, आणि तेही एका परक्या दासीने.

कमिटीने कथेचा हा भाग वाचावा, कारण हागारेचा दाखला खरा लागू पडतो तो थकबाकीदारांच्या यादीला. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ज्या घरातला कर्ता पुरुष बोटीवर वाट्याने जातो त्या घरात या दोन महिन्यांत रोख पैसा दिसत नाही, किराणा उधारीवर चालतो आणि शाळा उघडल्यामुळे वह्या-छत्र्यांचा खर्च नेमका तेव्हाच येतो. अशा घरातल्या बाईचे नाव जुलैच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या मेजासमोर, थकबाकीदार म्हणून वाचले जात असेल तर ती पुढच्या रविवारी येणार नाही, आणि सभागृह उभे राहिले तरी त्यात तिची जागा रिकामीच राहील. ही प्रथा याच महिन्यात बंद करावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी वार्षिक सभेची वाट पाहू नये. कोणी कष्टी होऊन किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, संतोषाने देणारा देवाला प्रिय आहे, हे करिंथकरांस लिहिलेले वचन आपण दर रविवारी दानार्पणाच्या वेळी म्हणतो आणि त्यानंतर लगेच यादी उघडतो.

आंबा बागायतदारांना मी काय म्हणतो ते लवकर कळेल. कलमांना कल्टार घालून मोहोर लवकर आणता येतो आणि मोसमाच्या सुरुवातीचा चढा भावही पदरात पडतो. मात्र खतपाणी न पाहता, प्रमाण न पाळता वर्षानुवर्षे ते ओतत गेले तर कलम खंगते. धाकाने जमवलेल्या निधीने मंडळीचे तसेच होते. त्या वर्षीचा आकडा चांगला दिसतो एवढेच.

आता पाळकसाहेबांच्या म्हणण्याकडे वळतो, कारण त्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. अभिवचनावर विसंबायचे, परंतु कोणत्या? अब्राहामाला पुत्राचे अभिवचन देवाने स्वतः दिले होते. तुमच्या गावी दुमजली सभागृह होईल असे अभिवचन देवाने कोणाला दिल्याचे आपल्या पत्रात नाही, तो कमिटीचा ठराव आहे. ठराव आपण करायचा आणि तो तडीस नेण्याचे ओझे अभिवचन म्हणून देवावर टाकायचे, याला विश्वास म्हणता येत नाही. नवसाची ही सवय आपल्या पूर्वजांनी सोडली असे आपण समजतो. ‘मी आपली मंडळी रचीन’ असे प्रभूने मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात म्हटले आहे. दोघे किंवा तिघे त्याच्या नावाने जमतील तेथे तो असेल असेही म्हटले आहे. ही अभिवचने माणसांविषयी आहेत. मजल्यांविषयी ती काही सांगत नाहीत.

समुद्राकाठच्या वाचकांनी या संदर्भात प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७, पुन्हा वाचावा. पौलाचे तारू वादळात सापडले असता देवदूताने त्याला सांगितले की तारवातल्या कोणाच्याही जिवाची हानी होणार नाही. तारवात २७६ माणसे होती. पुढे रात्री पाण्याचा ठाव घेतल्यावर किनारा जवळ आल्याचे कळले, तेव्हा खलाशांनी वरामाकडून, म्हणजे मागच्या बाजूने, चार नांगर टाकले आणि नाळीकडूनही, म्हणजे पुढून, नांगर टाकायचे आहेत असे निमित्त करून होडी खाली सोडली. त्यांना खरे तर पळून जायचे होते. ज्याला अभिवचन मिळाले होते तोच पौल त्या वेळी शताधिपतीला म्हणाला की हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव व्हायचा नाही, आणि शिपायांनी होडीचे दोर कापले. तांडेल पळाला तर बोटीचे काय होते हे किनाऱ्यावर कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अभिवचन होते म्हणून पौलाने खलाशांची गरज नाकारली नाही. त्याने लोकांना आग्रहाने जेवू घातले, आणि मग उरलेले धान्य समुद्रात टाकून त्यांनी तारू हलके केले. याच अभिवचनात आणखी एक वाक्य होते, जे आपण वाचताना ओलांडून जातो : तारवाचा मात्र नाश होईल. माणसे सगळी काठाला लागली, कोणी पोहून, कोणी फळ्यांवर. तारू फुटले, आणि देवाचा शब्द मोडला असे कोणी म्हटले नाही.

पैसा मागणे म्हणजेच अविश्वास, हा पाळकसाहेबांचा दुसरा मुद्दा. यरुशलेमेतील गरिबांसाठी पौलाने करिंथच्या मंडळीकडे उघड मागणी केली आणि प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या प्राप्तीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे अशी पद्धतही घालून दिली. ब्रिस्टल येथील जॉर्ज म्युलर यांनी १८३६ साली अनाथगृह सुरू केले, माणसाकडे हात न पसरता दहा हजारांहून अधिक मुले सांभाळली, हे पाळकसाहेब नक्कीच सांगत असतील. पण म्युलर पै-पैचा हिशेब ठेवीत, दरवर्षी तो छापून प्रसिद्ध करीत आणि कर्ज काढीत नसत, हेही सोबत सांगावे. पंडिता रमाबाईंनी म्युलर यांचे अनुभव वाचले होते. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना होती तशाच विहिरी, शेती, विणकाम आणि छापखानाही होता. आपल्याच जिल्ह्यात, करजगावी, जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ स्थापन केला. पगार सोडला म्हणून त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. न मागण्याचे पाचारण एखाद्याला असते. त्याने ते पाळावे, सगळ्या मंडळीवर त्याचा नियम करू नये.

आपल्या कमिटीला माझी सूचना अशी आहे. सभागृहाचा ठराव तूर्त बाजूला ठेवावा आणि येत्या पावसाळ्यापूर्वी गावातल्या सुताराला बोलावून वासे पाहून घ्यावेत, वाळवी लागलेले बदलावेत आणि पत्रे काढून कौले चढवावीत. खर्चाचा अंदाज मंडळीला एकदा वाचून दाखवावा, बिननावाची पाकिटे ठेवावीत आणि जमाखर्च फलकावर लावावा. कौले चढण्यापूर्वी पैसे संपले तर काम तेथेच थांबवून तसे मंडळीला सांगावे, उसने आणू नये. दुमजली इमारतीविषयी बोलायचेच असेल तर गावातली तरुण मुले मुंबई-पुण्याला जात असताना वरच्या मजल्यावर कोण बसणार आहे, हे आधी एकमेकांना विचारावे.

लिलाव मात्र बंद करू नये. कापणीच्या सणाला कोणी भाताची पायली आणते, कोणी नारळाचा पेंड, कोणी सुरण, कोणी कोकमाची बाटली. एकाच फणसाला बोली चढत जाते, घेणारा पैसे भरून तो फणस पुन्हा मेजावर ठेवतो आणि तोच दुसऱ्यांदा विकला जातो, तेव्हा सगळी मंडळी हसत असते. ज्याच्याकडे रोख नाही त्याचेही काहीतरी त्या मेजावर असते. यात हागारेची वाट कोठे आहे ते मला दिसत नाही. दोन घरांत चढाओढ लागू लागली तर लिलाव पुकारणाऱ्याने पुढची वस्तू उचलावी, एवढे पुरे.

प्रश्न : मी सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील एका लहान मंडळीत संडे स्कूल घेते. पूर्वी वर्ग भरलेला असे, आता चारच मुले उरली आहेत. बाकीची कुटुंबे नोकरीसाठी गेली. एका जागृती सभेत सांगण्यात आले की चाळीस दिवस उपास धरला तर देवाला उत्तर द्यावेच लागते. मी कमी पडते आहे काय?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, कुटुंबे नोकरीसाठी गेली हे कारण तुम्हीच लिहिले आहे, आणि ती तुमच्या प्रार्थनेच्या कमतरतेमुळे गेलेली नाहीत. देवाला भाग पाडण्यासाठी धरलेला उपास हाही मानवी खटाटोपच आहे, केवळ त्याला भक्तीचे वस्त्र नेसवलेले असते. कर्मेल डोंगरावर बआलाचे संदेष्टे सकाळपासून ओरडत राहिले आणि त्यांनी स्वतःला जखमा करून घेतल्या, एलीयाची प्रार्थना मात्र दोन-तीन वाक्यांत संपली. पौलाने लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, वाढ देवाने केली. यातला पाणी घालण्याचा वाटा तुमच्याकडे आहे आणि तो तुम्ही उचलता आहात.

याच कोकणपट्टीत स्कॉटिश मिशनरी डोनाल्ड मिचेल १८२३ साली आले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्यामागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णै येथे मराठी शाळा चालवल्या आणि पुढे मिशनचे केंद्र मुंबई-पुण्याकडे सरकले. कोकणातले ते काम फसले असा शेरा त्या वेळी कोणी मारला असता तर खोडून काढणे कठीण गेले असते. परंतु त्याच मिशनचे जॉन विल्सन १८२९ साली मराठी शिकायला हर्णैलाच येऊन राहिले आणि तेथून मुंबईला जाऊन त्यांनी शिक्षणाचे जे काम उभे केले ते आजही चालू आहे.

चार मुलांचा वर्ग घेताना मोठ्या वर्गाचा पाठ्यक्रम सोडून द्या. मुलांना गोलात बसवून एक कथा दोन रविवार सांगा आणि दुसऱ्या रविवारी ती त्यांच्याकडून ऐका. गावाबाहेर गेलेल्या मुलांची नावे प्रार्थनेत घ्या, आणि मे महिन्यात ती सुट्टीला आली की त्यांनाही वर्गात बसवा. उपास करावासा वाटला तर जरूर करा, मात्र चाळीस दिवसांचा हट्ट धरू नका, आणि औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.